गजभिये मॅडम चतुःसीमा वाचतात

गजभिये मॅडम आधी ऐकू यायच्या आणि मग दिसायच्या. आमच्या वर्ध्याच्या भाड्याच्या घराखालून त्या रोज सकाळी फिरायला जात. त्या वेळी आई दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसलेली असे. गुडघे गेल्यापासून आई स्वतःच्या पायांनी खाली उतरलीच नव्हती. दवाखान्यात न्यायचं तरी खुर्चीत बसवून चौघांनी उचलायचं, आणि ते तिला इतकं लाजिरवाणं वाटे की दुखणंच लपवून ठेवायची. मॅडम खाली रस्त्यावर थांबत, छत्री टेकवत आणि मान वर करून विचारत, "काय बाई, झोप लागली का? पोट साफ झालं?" आईला झोप लागली की नाही आणि पोटाचं काय झालं, हे मग सगळ्या गल्लीला कळे. आई पदर तोंडाला लावून लाजे. पण दुसऱ्या दिवशी उजाडलं की तिची नजर गल्लीच्या तोंडाशी लागलेली असे.

उंच बांधा, इस्त्रीची सुती साडी, आणि साडीखाली पोरं खेळताना घालतात तसले पांढरे बूट. छत्री बारा महिने हातात. ती उन्हापावसासाठी कमी आणि बोलताना दाखवायला जास्त. महसूल खात्यात त्या मंडळ अधिकारी होत्या. घर किंवा जमीन एका नावावरून दुसऱ्या नावावर गेली की तलाठी त्याची नोंद धरतो, तिला फेरफार म्हणतात, आणि तो तपासून मंजूर करायचा तो मंडळ अधिकाऱ्याने. "मी मंजूर केल्याबिगर या भागात बापाचं पोराच्या नावावर होत नवतं," असं त्या सांगत. त्यांना नम्रपणाची फारशी सवय नव्हती आणि ती लावून घ्यायची इच्छाही नव्हती.

निवृत्तीनंतर लोक त्यांच्याकडे घर घेण्याआधी कागद दाखवायला येऊ लागले. मॅडम कागद हातात घेत, नुसतं वजन केल्यासारखं करत आणि परत देत. "कागद घरी वाचाचा नसते. घरी वाचला का खराच वाटते. जागेवर चाला."

आम्हीही तसेच गेलो. मी सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात रक्त तपासायच्या विभागात आहे, नवरा संजय हिंगणघाटला एका जिनिंगच्या ऑफिसात. आईसाठी खालचं घर हवं, एवढं एकच आमच्या डोक्यात होतं. संजयने सावंगीच्या पुढे एक प्लॉट शोधला होता. सातबारा त्याने मोबाईलवर काढला आणि मॅडमपुढे धरला. त्या म्हणाल्या, "याच्यात सातबारा दिसते. शेजारी दिसते का?"

प्लॉटवर गेल्यावर त्यांनी चष्मा लावला, पाय रोवले आणि चतुःसीमा वाचायला सुरुवात केली. चतुःसीमा म्हणजे जागेच्या चार बाजूंना काय काय आहे याच्या खरेदीखतातल्या चार ओळी. कुणी त्या वाचत नाही, वकीलही बोट फिरवून पुढे जातात. मॅडम एकेका दिशेला तोंड करत आणि ती ओळ अशा आवाजात म्हणत की झाडावरचे पक्षी उडावेत. मला आधी हसू आलं, मग इकडेतिकडे बघून संकोच वाटला.

"पूर्वेस रस्ता!" मॅडम ओरडल्या.

पलीकडच्या तुरीतून एक बाई विळा घेऊन उभी राहिली. "कोनता रस्ता जी? हे त माही तूर हाय."

विकणारा घाईघाईने म्हणाला, "होणार हाय मॅडम, रस्ता होणार हाय."

"झाला का बलावजो," मॅडम म्हणाल्या आणि कागद घडी घालून संजयच्या खिशात कोंबला.

तेव्हा मला त्यांच्या ओरडण्यामागचं कारण कळलं. परतताना त्या म्हणाल्या, "नोकरीत हजार नोटिसा लावल्या बाई. भिंतीवरची नोटीस कोनी वाचत नाई. आवाज मातर सगळेच आयकते. ज्याले दुखते थो बाहेर येते."

त्यांचा दुसरा नियम पाण्याचा होता. विकणाऱ्याच्या घरचं त्या पाणीसुद्धा घेत नसत. चहाचा ट्रे आला की हात जोडत. "त्याचा चहा पेला का कागदातल्या चुका दिसाच्या बंद होते." पण बाहेर पडल्यावर शेजारच्या दारात जाऊन हक्काने पाणी मागत आणि ते पिता पिता घराची सगळी कुंडली काढून आणत.

आणि तिसरा होता एक प्रश्न. सगळे कागद बघून झाले, विकणारा सुस्कारा सोडून मोकळा झाला, की मॅडम छत्री उचलता उचलता विचारत, "आन् बहिनी? बहिनी कुठं हायेत?"

आमच्याकडे बाप गेला की कायद्याने मुलींचीही नावं घरावर चढतात, आणि थोड्याच दिवसांत उतरतातही. बहीण सणाला माहेरी येते, भाऊ साडी घेतो, दुसऱ्या दिवशी तिला ऑफिसात नेतो, ती हक्कसोडपत्रावर सही करते आणि सासरी जाते. जबरदस्ती कुणी करत नाही. चांगल्या घरची बहीण असंच करते असं सगळे धरून चालतात, तीही धरून चालते. माहेरचं दार उघडं राहावं म्हणून ती घरावरचं नाव सोडते. मी स्वतः एकुलती एक, म्हणून हे कधी माझ्या अंगावर आलं नव्हतं. मॅडमचा तो प्रश्न मला तेव्हा एक खोड वाटत असे, पांढऱ्या बुटांसारखी.

हिंगणघाटचा फ्लॅट मला फार आवडला होता, हे आताही सांगते. तिसरा मजला होता, पण लिफ्ट होती. आई लिफ्टमध्ये बसून खाली येते आहे, वेणा नदीकडे फिरायला जाते आहे, असं सगळं मी मनात रंगवून ठेवलं होतं. बिल्डर गोड बोलणारा, त्याने थंड पेयाच्या बाटल्या मागवल्या. मॅडमनी बाटलीकडे पाहिलंही नाही. खाली रस्त्यावर त्यांनी छत्रीच्या टोकाने मजले मोजले होते, आणि आता मंजूर नकाशा उलगडून त्या फ्लॅटच्या मधोमध उभ्या होत्या.

"नकाशात दोन मजले हायेत."

"हो मॅडम, पण ते नियमित होऊन जाते."

"तुमी आमाले तिसऱ्यावर आनलं. म्हंजे मी आता उभी हाव थे कुठी?"

बिल्डर हसला. मॅडम हसल्या नाहीत. "होऊ द्या नियमित. तवर मी खाली जातो. हवेत उभं राहाची सवय नाई मले." आणि लिफ्टकडे न बघता त्या पांढऱ्या बुटांनी सगळा जिना उतरून गेल्या.

संजय त्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "या बाई सोबत आहेत तोवर आपल्याला घर मिळत नाही." मलाही तसंच वाटत होतं. मॅडमना लोक वैतागायचे, ते उगाच नव्हतं. आपण स्वप्न बघत असतो आणि या बाई त्या स्वप्नाचा मंजूर नकाशा मागतात.

मग वसंतरावांचं घर आलं.

सावंगीतच, माझ्या दवाखान्यापासून चालत जाण्यासारखं. बैठं, मागे सीताफळाचं झाड, दारं रुंद. वसंतराव निवृत्त होऊन पुण्याला मुलाकडे चालले होते. मी मोबाईलवर आईला घराचा व्हिडिओ दाखवला. तिने एकच विचारलं, "पायऱ्या किती?"

"एकच आहे, दारापुढे."

संध्याकाळी मी कामावरून आले तर गॅलरीत तिच्या चपला पुसून उन्हात ठेवलेल्या. कितीतरी दिवस कपाटाखाली पडल्या होत्या त्या. कामवालीला सांगून तिने काढून घेतल्या होत्या. त्या चपला बघून हे घर काहीही झालं तरी घ्यायचंच असं मी ठरवून टाकलं.

एक डॉक्टरही ते घर मागत होते, त्यामुळे घाई होती. मॅडम आल्या. ग्रामपंचायतीचा उतारा ठीक, बांधकामाची परवानगी ठीक, नकाशात जेवढं घर तेवढंच जमिनीवर. त्यांनी चारी दिशांना तोंड करून चतुःसीमा गर्जल्या. शेजारचे भोयर बनियनवर बाहेर आले, पण भांडायला नव्हे, कोण ओरडतंय ते बघायला. त्यांच्याकडे मॅडम पाणी प्यायल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "घर चांगलं हाय." मी मनातल्या मनात आईच्या पायांत चपला घातल्या.

शेवटचा कागद राहिला, हक्कसोडाचा फेरफार. मॅडम त्याच खणखणीत आवाजात वाचू लागल्या, "…कुंदा यांनी आपला हक्क राजीखुशीने भाऊ वसंत यांचे लाभात सोडून दिला आहे. नोटीस बजावली. हरकत नाही. मंजूर." आणि खाली सही होती, तिथे त्या थांबल्या.

मला वाटलं अक्षर लागत नसेल. मी जवळ गेले. सहीखाली नाव स्पष्ट होतं, गजभिये, मंडळ अधिकारी.

"सही माही हाय," मॅडम म्हणाल्या. त्यांचं बोलणं ऐकायला मला कान पुढे करावा लागला, असं तेवढं एकदाच झालं.

वसंतराव खूश झाले. "मंग त झालंच ना जी! तुमीच मंजूर केला. याच्याहून पक्कं काय पाह्यजे?"

"बहीन कुठं असते?"

"अल्लीपूरले. पर तिचा काय संबंध आता?"

"तुमी घर इकून राह्यले, तिले मालूम हाय?"

वसंतरावांनी फाटकाची कडी उगाच लावली आणि काढली. "सांगीन ना. झाल्यावर सांगीन. हळवी हाय थे."

परतीच्या ऑटोत मीच बोलले, आणि जरा चढ्या आवाजात बोलले. "मॅडम, कागद स्वच्छ आहे. कायद्याने तिचा हक्क राहिलेला नाही. आता ते उकरायचं कशाला? ती काही बोलली, वसंतराव बिथरले, तर घर त्या डॉक्टरकडे जाईल."

"बरोबर बोलून राह्यल्या तुमी," त्या म्हणाल्या. "तवाबी सगळं बरोबरच होतं. नोटीस गेलती, मुदत भरलती, हरकत नवती. असे ढीगभर मंजूर केले मी. एकाबी बहिनीले समोर बसवून इचारलं नाई, बाई तुले समजून राह्यलं ना हे? कलमात नवतं, म्हून नाई इचारलं." मग म्हणाल्या, "उद्या एखादी बाई तुमच्या फाटकात येऊन उभी राह्यली, त तुमची आई तिले काय दाखवन? माही सही?"

"तुमी नोका येऊ," त्या म्हणाल्या. "अल्लीपूरले मी एकटी जातो." तेव्हा मात्र जावंच लागलं.

अल्लीपूरला कुंदाताई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. माझ्या आईपेक्षा वयाने लहान, पण हात तसेच. आम्ही वसंतरावांकडून आलो म्हटल्यावर त्या लगबगीने उठल्या, पाणी आणलं. मॅडमनी तांब्याकडे क्षणभर पाहिलं. ही बाई विकणाऱ्याची की शेजारची, असा हिशेब त्यांच्या डोक्यात चाललेला मला दिसला. मग त्यांनी तांब्या घेतला आणि सगळं पाणी प्यायल्या. आणि मी कोण, कोणतं घर घ्यायला निघाले आहे, हे त्यांनी सरळ सांगून टाकलं.

कुंदाताई परत शेंगांपाशी बसल्या. दाणे ताटलीत पडत राहिले.

"इकून राह्यला?" त्या म्हणाल्या. "मले नाई बोलला."

त्यांनी पुढची शेंग उचलली.

"सही म्याच देल्ली जी. कोनी हात नाई धरला माहा. भाऊबीजेले गेलती. भाऊ म्हने, नावात काय हाय कुंदे, घर तुहंच हाय, कवाबी येजो. मले कायले पाह्यजे होतं घर? येनंजानं राहीन, एवढंच वाटलं." शेंग सोलणारे हात थांबले. "येजो म्हने, आन् दारच इकून राह्यला."

मॅडमनी छत्री बाजूला ठेवली आणि खाटेवरून उतरून त्या कुंदाताईंपुढे जमिनीवर बसल्या. "बाई, तो कागद मंजूर करनारी मी. तवा तुमाले इचाराले पाह्यजे होतं, थे राह्यलं. आता इचारतो. हे घर यायनं घ्यावं का नाई?"

कायद्यात या प्रश्नाला काडीची किंमत नव्हती, पण मॅडमच्या तोंडाकडे पाहून मला कळलं की ही बाई नाही म्हणाली तर मॅडम मला ते घर घेऊ देणार नाहीत. आणि मला त्यांच्या शब्दाबाहेर जाता येणार नाही हेही कळलं. आईच्या चपला तिकडे गॅलरीत तयार होत्या.

कुंदाताईंनी माझ्याकडे पाहिलं. "कोन राहीन तिथं?"

"आम्ही दोघं, आणि माझी आई. तिचे गुडघे गेलेत. दुसऱ्या मजल्यावर अडकून पडली आहे. खाली उतरलीच नाही." चपलांचंही सांगून टाकलं. का सांगितलं कुणास ठाऊक.

कुंदाताई पदराने हात पुसत म्हणाल्या, "न्हानीची पायरी उंच हाय. आत जातानी पडन थे. फोडून बसकी करा लागन." आणि पुढे म्हणाल्या, "माह्या मायले शेवटी शेवटी म्याच आंग धुऊन देत होती त्या न्हानीत. भितीले धरून चालवत न्या लागे."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. होकार मिळाला होता.

खरेदीखतात कुंदाताईंचं नाव 'मान्यता देणार' म्हणून घालायचं, असं मॅडमनी वसंतरावांना सांगितलं. वसंतराव आधी तापले, मग तयार झाले. नोंदणीच्या दिवशी ऑफिसच्या व्हरांड्यात मॅडमनी कुंदाताईंना बाकावर बसवलं आणि अख्खं खत पहिल्या ओळीपासून वाचून दाखवलं, त्याच आवाजात. आजूबाजूचे लोक, वकील, झेरॉक्सवाला, सगळे वळून बघू लागले. 'राजीखुशीने' हा शब्द आला तिथे मॅडम थांबल्या.

"हाय का राजीखुशीनं?"

"हाव," कुंदाताई म्हणाल्या.

मॅडमनी पान उलटलं. वसंतराव खाली मान घालून बुटाने फरशी घासत होते. सगळं झाल्यावर ते बहिणीजवळ आले आणि कसेबसे म्हणाले, "कुंदे, चाल, चहा पिऊ." दोघं टपरीवर उभे राहिलेले मी दुरून पाहिले. काय बोलले ते माहीत नाही, पण चहा थंड होईपर्यंत उभे होते.

आई नव्या घरी आली ती चौघांच्या खुर्चीतूनच, पण फाटकात तिने खुर्ची खाली ठेवायला लावली. चपला घातल्या, संजयच्या खांद्याला धरलं आणि ती एक पायरी स्वतः चढली. न्हाणीची पायरी आम्ही आधीच फोडून बसकी करून घेतली होती. कुणी सुचवलं हे कळल्यावर आईने माझ्याकडून कुंदाताईंचा नंबर घेतला आणि मला बाहेर पाठवून दार लावून घेतलं. काय बोलणं झालं ते तिने मला आजवर सांगितलेलं नाही.

त्या दिवाळीनंतर मॅडम नागपूरला लेकीकडे राहायला गेल्या. डोळे अधू झाले होते, एकटीने राहणं जमेना. उन्हाळ्याच्या आत तिथेच वारल्या. लेकीने फोन केला तेव्हा मी रक्ताच्या नळ्या लावत होते. हातातलं काम ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले. एवढा मोठा आवाज असा एका फोनात बंद होतो, हे पटेना.

मला त्या शेवटच्या दिसल्या भाऊबीजेच्या दुपारी, आमच्या फाटकात. उद्या नागपूरला निघायचं म्हणून भेटायला आल्या होत्या. तीच छत्री, तेच बूट. आई पायरीजवळ खुर्ची टाकून बसली होती, आता दोघींमध्ये चार हातांचं अंतर होतं, तरी मॅडमचा आवाज दुसऱ्या मजल्याएवढाच.

"आत या ना मॅडम," मी म्हटलं.

त्या आल्या नाहीत. हातात कागद नव्हता. फाटकाचा गज धरून, नीट दिसत नसताना एकेका दिशेला तोंड करून त्यांनी पाठ म्हणून दाखवलं, "उत्तरेस रस्ता! दक्षिणेस भोयर यांचं घर! पूर्वेस नाली! पश्चिमेस मोकळी जागा!" भोयर सवयीने बाहेर आले. आई पदरात तोंड घालून हसायला लागली.

मॅडमनी छत्री आईकडे रोखली. "आन् बहीन? बहीन कुठं हाय?"

आतून, आमच्या स्वयंपाकघरातून, कढईतला झारा वाजला आणि अल्लीपूरहून सकाळीच आलेल्या कुंदाताईंचा आवाज आला, "घरातच हाय जी! अनारसे तळून राह्यली!"

मॅडमनी गज सोडला. छत्री भिंतीला टेकवली, पायरीवर आईच्या खुर्चीशेजारी बसून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि आत ओरडून सांगितलं, "मंग माहाबी चहा टाकजो बाई. साखर जरा जास्त."